नवा स्टिरिओ, सोमवारी सकाळी मेलेली बॅटरी आणि वडाळा नाक्याकडचे चाचा

दुकानाचं नाव विचारू नका, कारण ते आता पाटीवरही नाही. ‘ऑटो इलेक्ट्रिक’ एवढीच अक्षरं उरली आहेत, त्याआधीचं नाव कुठल्याशा टेम्पोच्या हुडाने खरवडून नेलं. ते परत रंगवून घ्यावं असं चाचांना वाटलेलं नाही. नाशिकला द्वारका सर्कलवरून वडाळा नाक्याकडे निघालात की गॅरेजांची जी रांग लागते, तिच्यातला एका शटरचा गाळा. बाहेर जुन्या सेल्फ मोटारी आणि डायनामो ढिगाने पडलेले, शेजारी चहाची टपरी. सापडेल.

ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी: गाडीत नवा स्टिरिओ बसवल्यापासून गाडी काहीतरी चाळे करायला लागली असेल, तर बॅटरी बदलण्याआधी इथे या. कामाला पाचपैकी पाच. बाकी सोयींना दोन, तेही चहा चांगला म्हणून.

आता सविस्तर.

माझी वॅगनआर, २०१७ची, एलएक्सआय. स्टिरिओच्या जागी कंपनीने नुसतं झाकण दिलेलं. इतकी वर्षं मोबाईल डॅशबोर्डवर टेकवून भागलं. यंदा दिवाळीत लेकीने हट्ट धरला आणि शहरातल्या एका चकचकीत अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात ऑफर निघाली. नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन, चार स्पीकर, रिव्हर्स कॅमेरा आणि ड्रायव्हर सीटखाली सरकवायचा चपटा सबवूफर (खालच्या सुरांचा स्पीकर, आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या आतच), सगळं मिळून एकवीस हजार. ‘फिटिंग फ्री’ हे मोठ्या लाल अक्षरांत. बसायला एसी, प्यायला कोल्ड कॉफी, काचेपलीकडे आपली गाडी दिसते. काम दिसायला देखणं होतं हे कबूल करते. फ्रेमभोवती कुठे फट नाही, स्क्रीन स्वच्छ, आवाज झकास. लेक खूश, तिचे बाबा तिच्याहून खूश.

मग एकेक सुरू झालं.

आधी कुईं. गाडी उभी असताना काही नाही, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिटी निघायची आणि इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जायची. गाणं मोठं असलं की ऐकू यायचं नाही, म्हणून घरात फक्त मलाच त्रास.

मग सोमवार. आमचं कॉलेज शनिवारी दुपारी सुटतं, रविवारी गाडी हलत नाही. सोमवारी सकाळी किल्ली फिरवली की टक् टक् टक् टक्, सेल्फ उचलायचाच नाही. डिसेंबर लागलेला, पेपरात रोज निफाडचा पारा किती घसरला त्याची बातमी. सोसायटीतल्या प्रत्येकाने थंडीला जबाबदार धरलं. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो हे खरंच आहे, पण गेल्या हिवाळ्यात याच बॅटरीने कधी कुरकूर केली नव्हती.

तिसरं मात्र चिडवणारं नव्हतं, घाबरवणारं होतं. निफाडहून एका लग्नातून परत येत होते, तिन्हीसांजा उलटून गेलेल्या. मागचा ट्रकवाला सारखा हॉर्न मारतोय, डिपर देतोय. मी मनात त्याला दोन शिव्या हासडल्या. मग लक्ष गेलं की स्पीडोमीटर काळा पडलाय, एसीच्या बटणांवरचे दिवेही गेलेत. पुढचे हेडलाइट मात्र व्यवस्थित चालू. पेट्रोल पंपावर थांबून मागे जाऊन पाहिलं तर पार्किंग लाइट, टेल लॅम्प, नंबर प्लेटचा दिवा, सगळं बंद. म्हणजे त्या रस्त्याने इतका वेळ मी मागून न दिसणारी गाडी चालवत होते.

दुकानात गेले. मुलाने फ्यूज बदलून दिला, दिवे लागले. बॅटरीचं विचारलं तर बघायच्या आधीच उत्तर तयार: “बॅटरी गेली मॅडम, आमच्याकडे एक्स्चेंजमध्ये मिळेल.” शिटीवर म्हणाला, सगळ्याच गाड्यांना थोडी येते. घराजवळच्या गॅरेजवाल्याने, इंजिन चालू असताना बॅटरी भरतो त्या डायनामोवर संशय घेतला. त्यानेही मीटर काढला नाही.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. न मोजता कोणी निदान सांगितलं की मला तसाही राग येतो. घरच्या मल्टिमीटरने सोमवारी सकाळी बॅटरीचं व्होल्टेज पाहिलं, ११.८. पूर्ण भरलेली, निवांत पडलेली बॅटरी १२.६च्या आसपास असते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. शनिवारी दुपारी ती भरलेली होती, म्हणजे मधल्या वेळात कोणीतरी करंट पीत होतं. पण कोण, ते शोधायचं म्हणजे डॅशबोर्ड उचकटणं आलं, आणि तिथे माझी डिग्री कामाची नाही. कॉलेजच्या बसचे ड्रायव्हर काका म्हणाले, “मॅडम, वडाळा नाक्याला जा. बोलत नाही माणूस, पण वायर त्याच्याशी बोलते.”

चाचा खरंच बोलत नाहीत. माझं सगळं रामायण ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “गाडीत नवीन काय घातलं?”

मग मीटर काढला. बॅटरीवर आधी इंजिन बंद ठेवून, मग चालू करून १४.२, मग हेडलाइट, पंखा, काचेचे वायपर सगळं लावून १३.९. “डायनामोला काही झालेलं नाही,” हाताखाली काम करणाऱ्या भाच्याला ऐकू जाईल असं म्हणाले. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ मिळालं की चार्जिंग नीट आहे. दोन मिनिटांत एका गॅरेजचं निदान निकालात.

पुढचं मी मुलांना दाखवावं इतकं नेटकं होतं. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवलं. मीटरची लाल तार १० अँपिअरच्या वेगळ्या भोकात घातली, आणि टर्मिनल व वायर यांच्या मधोमध मीटर जोडला, म्हणजे गाडीचा सगळा करंट मीटरमधूनच जाणार. अमीटर सीरिजमध्ये. दरवर्षी निम्मा वर्ग तो पॅरलल जोडतो आणि आमच्या लॅब असिस्टंटचा जून-जुलै मीटरचे फ्यूज बदलण्यात जातो. दार उघडं ठेवायचं होतं पण आतला दिवा नको, म्हणून दाराच्या खांबावरचं बटण चिकटपट्टीने दाबून बसवलं. किल्ली माझ्या हातात दिली. “ही पर्समध्ये ठेवा. चुकून कोणी सेल्फ मारला तर माझा मीटर गेला.” सेल्फ शंभराहून जास्त अँपिअर खेचतो, मीटर दहाचा.

लगेच आकडा पाहिला नाही. “चहा घ्या. गाडीला झोपू द्या.” गाडी बंद केल्यावर आतली काही उपकरणं थोडा वेळ जागी राहतात, नव्या गाड्यांत तर अर्धा तासही लागतो. चहा झाला, मीटरवर ०.६२.

बंद गाडीने घड्याळ, लॉक, मेमरी यांच्यासाठी ०.०२ ते ०.०५ अँपिअर खाल्ले तर हरकत नसते. ०.६२ म्हणजे दिवसाला जवळपास १५ अँपिअर-अवर. माझी बॅटरी ३५ची. शनिवार दुपार ते सोमवार सकाळ हे गणित तुम्हीच करा.

मला वाटलं आता स्टिरिओ काढतील. तसं नाही. भाच्याने स्टिअरिंगखालच्या बॉक्समधला एकेक फ्यूज चिमट्याने काढायचा, चाचांनी मीटरकडे बघायचं. काढलेला फ्यूज जुन्या पेपरवर त्याच क्रमाने मांडायचा. स्टिरिओचा फ्यूज निघाला तेव्हा ०.६२चे ०.६१ झाले, बस. म्हणजे माझा जिच्यावर संशय होता ती स्क्रीन निर्दोष. बोनेटमधले फ्यूजही काढून झाले, आकडा तसाच. चाचा भाच्याला म्हणाले, “आता बोल.” पोरगा म्हणाला, “मग डायरेक्ट आहे.” कुठलाच फ्यूज काढून करंट थांबत नाही, म्हणजे जे खातंय ते फ्यूजबॉक्समधून जातच नाहीये, थेट बॅटरीवर बसलंय.

चाचा मला म्हणाले, “ताई, सीटखाली हात घाला.”

घातला. सबवूफरचं पत्र्याचं अंग कोमट होतं. बाहेर थंडी, गाडी बंद होऊन तासभर झालेला, गाणं तर सकाळपासून लागलेलं नव्हतं, आणि हा डबा तळहाताला उबदार लागतोय. पॉझिटिव्ह टर्मिनलवरून त्याची जाड लाल वायर सोडवली आणि सगळे फ्यूज परत बसवले. मीटरवर ०.०३.

कारण सबवूफरच्याच कपलरपाशी, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगपाशी निघालं. अशा सबवूफरला किंवा अ‍ॅम्प्लिफायरला आवाजाची वायर सोडून तीन वायरी लागतात: बॅटरीची लाल, अर्थिंगची काळी आणि एक निळी, जिला रिमोट म्हणतात. स्टिरिओ चालू झाला की त्याच्या निळ्या-पांढऱ्या वायरीतून १२ व्होल्ट येतात आणि अ‍ॅम्प्लिफायर जागा होतो, स्टिरिओ बंद की तोही बंद. माझ्या गाडीत ही निळी वायर डॅशबोर्डपर्यंत नेलेलीच नव्हती. सीटखालीच लाल वायरीला पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेली, टेपचा गोंद पाघळून बोटाला चिकटत होता. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला चोवीस तास जागं राहायचा हुकूम. दीड-दोन मीटर वायर आणि कार्पेट उचलायची मेहनत वाचली. फिटिंग फ्री असलं की असं काहीतरी वाचवावं लागतच असणार.

इथवर मला नुसता संताप आला होता. पुढचं बघून पोटात गोळा आला.

बॅटरीवरून येणाऱ्या लाल वायरीला फ्यूज होता, पण सबवूफरजवळ, सीटखाली. चाचांनी वायर बॅटरीपासून बोटांनी चाचपत नेली. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला एक भोक आहे, तिथून ती आत घेतलेली, रबरी बूच न घालता. पत्र्याच्या धारेवर वायर टेकली होती तिथे लाल प्लास्टिकवर एक चपटी, चकचकीत खूण पडली होती. नखाने दाबली की आतल्या तांब्याच्या तारांचा पीळ लागत होता. अजून काही महिने इंजिनाची थरथर सोसली असती तर तांबं पत्र्याला टेकलं असतं. बॅटरी ते फ्यूज या टप्प्यात शॉर्ट झालं तर मध्ये तोडणारं काहीच नाही, बॅटरी तिच्याकडे असेल नसेल तो सगळा करंट त्या वायरीत ओतते. गाड्या पेटतात त्या अशा. फ्यूज असतो तो वायरीसाठी, म्हणून तो बॅटरीपासून हात-दीड हाताच्या आत हवा. सीटखालच्या फ्यूजने फार तर सबवूफर वाचला असता.

टेल लॅम्पचं कोडं त्यामानाने सोपं. स्टिरिओच्या मागच्या गुच्छात एक नारिंगी वायर असते. पार्किंग लाइट लावले की तिच्यातून १२ व्होल्ट येतात आणि स्क्रीन रात्रीपुरती मंद होते. माझ्या गाडीच्या बाजूची ती वायर कापून, टोकाला काहीही न लावता तशीच सोडली होती. खड्डा आला की ती स्टिरिओच्या लोखंडी पट्टीला टेकायची, आणि टेल लॅम्प, स्पीडोमीटरचे दिवे, नंबर प्लेट यांचा सामायिक फ्यूज उडायचा. हेडलाइटचा फ्यूज वेगळा, म्हणून पुढे उजेड आणि मागे अंधार. त्यात दुकानाच्या मुलाने बदलून दिलेला फ्यूज पिवळा होता. झाकणावरच्या तक्त्यात त्या जागी १० अँपिअर लिहिलंय. फ्यूजचे रंग ठरलेले असतात: १०चा लाल, १५चा निळा, २०चा पिवळा, ३०चा हिरवा. दहाच्या जागी वीस बसवला की फ्यूज उडत नाही, गिऱ्हाईक परत येत नाही, आणि आतली वायर तापत राहते. चाचांनी तो पिवळा फ्यूज माझ्या हातावर ठेवला आणि नेमकं काय वाटलं ते तोंडाने बोलले. ते इथे छापण्यासारखं नाही.

शिटी अर्थिंगची निघाली. स्टिरिओची काळी वायर रंग दिलेल्या पट्टीच्या स्क्रूखाली दाबलेली, आणि सबवूफरची अर्थिंग तिसरीकडेच सीटच्या बोल्टला. दोन अर्थिंगमध्ये थोडा जरी व्होल्टेजचा फरक राहिला की डायनामोची घरघर ऑडिओच्या वायरीत शिरते, म्हणून ती इंजिनाच्या वेगाबरोबर चढते. सँडपेपरने रंग खरवडून, वायरीच्या टोकाला थिंबल (धातूचं कडं) लावून दोन्ही अर्थिंग बॉडीच्या उघड्या पत्र्यावर घेतल्या. ऑडिओची वायर जाड लाल वायरीसोबत एकाच बाजूने ओढली होती, ती गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली. शिटी बंद. ‘सगळ्याच गाड्यांना थोडी येते’ म्हणणाऱ्या मुलाला हे ऐकवायची फार इच्छा होती.

काम करण्याची पद्धत सांगते, कारण पैसे त्याचे आहेत. पिळून टेप मारलेला प्रत्येक सांधा उघडला, सोल्डर केला, वर स्लीव्ह चढवून लायटरने आवळली. मोकळ्या वायरींची टोकं एकेक करून बंद केली. पत्र्याच्या भोकात रबरी बूच, वायरीवर काळी लवचीक नळी, बॅटरीशेजारी नवा फ्यूज होल्डर. शेवटी पुन्हा मीटर लावून ०.०३ मला दाखवलं आणि मगच टर्मिनल आवळलं. वायर, होल्डर, मजुरी धरून १,८०० रुपये. बॅटरी तीच. चाचा बॅटऱ्या विकत नाहीत, हे मला त्यांच्याबद्दल सर्वांत आश्वासक वाटलं. नाताळच्या सुट्टीत गाडी उभीच होती, त्यानंतर पहिल्या सेल्फला सुरू झाली.

आता तक्रारी, त्याही आहेत. ‘दोन तासांत होईल’ म्हणाले आणि संध्याकाळ झाली. बसायला एक प्लास्टिकचं स्टूल, तेही रस्त्याच्या धुळीत. बाईमाणसाला दिवसभर थांबायचं तर जवळपास स्वच्छतागृह नाही, मला रिक्षा करून मैत्रिणीकडे जाऊन यावं लागलं. फोन उचलत नाहीत. बिल मागितलं तर पॅडच्या पानावर रक्कम लिहून दिली, वॉरंटी वगैरे तोंडी. पॅनल काढताना एक क्लिप तुटली, सांगितलं मीच, तेव्हा पुढच्या वेळी बसवून देतो म्हणाले. आणि एक मर्यादा त्यांनी स्वतःच सांगितली. हल्लीच्या ज्या गाड्यांत स्टिरिओ आणि गाडीतला कॉम्प्युटर यांचं बोलणं जुळवायला कॅनबस नावाची डबी बसवावी लागते, त्यातलं त्यांना फारसं कळत नाही. तशा गाड्यांत ती डबी चुकीची असली की गाडी बंद झाल्यावरही स्टिरिओला चालू राहायचा इशारा मिळत राहतो. ते काम ते घेत नाहीत. माझ्यासमोर एकाला परत पाठवलं.

ज्या दुकानातून स्टिरिओ घेतला तिथे सगळे फोटो घेऊन गेले होते. मालकांनी ते शांतपणे बघितले, मुलगा नवीन होता म्हणाले, आणि गाडीसाठी परफ्यूमची बाटली देऊ केली. घेतली नाही. माल चांगला देतात हे मी आजही म्हणेन, फिटिंग तिथे करू नका.

कुठेही बसवा, पण चार गोष्टी उभं राहून करून घ्या. तुमच्या मॉडेलचा कपलर मागा, म्हणजे कंपनीची वायर कापायचीच गरज पडत नाही. दोन-चारशे रुपयांसाठी नाही म्हणू नका. गाडी ताब्यात घेताना पार्किंग लाइट लावून स्क्रीनची फ्रेम हलवून पाहा, दिवे गेले नाहीत ना. अ‍ॅम्प्लिफायर किंवा सबवूफर घेतला असेल तर बोनेट उघडायला लावून ‘याचा फ्यूज दाखवा’ म्हणा, बॅटरीजवळ दिसला पाहिजे. आणि गाडी बंद करून सुरू केल्यावर स्टिरिओ घड्याळ आणि रेडिओचे चॅनेल विसरत असेल तर पिवळी आणि लाल वायर उलटी लागली आहे. पिवळी कायम चालू, मेमरीसाठी. लाल किल्लीबरोबर. काही जर्मन गाड्यांच्या कपलरमध्ये या दोघींच्या जागा मुळातच उलट असतात, तिथे हे हमखास होतं. घरी मीटर नसेल तर सकाळी गाडी सुरू करण्याआधी नुसता हात लावून पाहा. रात्रभर बंद असलेला अ‍ॅम्प्लिफायर गार लागायला हवा.

चाचांकडे जायचं तर सकाळी दहाच्या आत पोचा, नंतर रिक्षावाल्यांची गर्दी सुरू होते. शुक्रवारी दुपारी शटर खाली असतं. रोख न्या, क्यूआर कोड भाच्याच्या मोबाईलवर आहे आणि भाचा बहुतेक वेळा स्पेअर आणायला गेलेला असतो. स्टिरिओचं बिल आणि खोक्यातला वायरींचा कागद सोबत ठेवा, चाचा सगळ्यात आधी तोच मागतात.